सम्राटाची डावी बाही

मास्तर म्हणजे बाई होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठांत चार टाचण्या धरून बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक मास्तरच म्हणणार. सुरुवातीला एकदोघांनी ‘मास्तरीणबाई’ म्हणून पाहिलं. पण हाक लांब पडत होती, आणि त्या दुकानात जे लांब पडेल ते कापायची रीतच होती.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, मधे कापायचं मोठं टेबल, भिंतीला आडवी दांडी आणि दांडीवर तयार कपडे. मागच्या दोन खोल्यांत मास्तर आणि त्यांच्या नणंदबाई राहत. मास्तरांचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. नणंदबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यामुळे स्वतःचं बरंच बोलायचं शिल्लक राहिलं होतं. ते आता त्या सकाळी सहापासून उरकायला घेत. मास्तरांच्या ओठांत टाचण्या असत, म्हणून घरात भांडण नव्हतं. नणंद-भावजयींचं जितकं पटायला नको, तितकं या दोघींचं पटायचं.

गावातल्या दोन पिढ्या मास्तरांनी शिवलेल्या शाळेच्या शर्टांत वाढल्या. त्या शर्टांची एक गंमत होती. कॉलर विरायची, खिसा लोंबायचा, कोपरं जायची, पण डावी बाही कधी कुणाची उसवली नाही. शर्टाचं फडकं व्हायचं, फडक्यानं दहा वर्षं सायकल पुसून व्हायची, तरी डावी बाही आपली खांद्याला धरून बसलेली. उजव्या बाहीला दोन शिवणी आणि डावीला चार, असं का, म्हणून कुणी विचारलंच तर मास्तर ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवत.

नणंदबाईंना कारण ठाऊक होतं. पण त्यावर बोलायची त्यांना बंदी होती. एखादी गोष्ट माहीत असून चौतीस वर्षं गप्प बसणं हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव त्याग होता, आणि तो केल्याचं त्या दर महिन्याला एकदा बोलून दाखवत.

कारण असं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी टीव्ही केंद्रानं एक चित्रपट काढला होता, ‘सातव्या चंद्राचा सम्राट’. अंतराळातला. म्हणजे कागदावर अंतराळातला. प्रत्यक्षात तो एका दगडाच्या खाणीत, तीन दिवसांत, एका कॅमेऱ्यावर उरकला होता. यानाच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चंदेरी रंग मारून ठोकले होते. यानाची खिडकी म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनचं दार. ते उघडण्याच्या प्रसंगात आतून एक मोजा बाहेर पडला, आणि नायकानं प्रसंगावधान राखून त्याला सलाम ठोकला. किरणं सोडायची बंदूक केस वाळवायच्या यंत्राची. सम्राटाचं सैन्य सहा जणांचं. पण ते कॅमेऱ्यासमोरून गेलं की मागच्या बाजूनं पळत येऊन पुन्हा समोरून जायचं, म्हणून साठ जणांचं. त्या सहांपैकी एकाच्या पायाला प्लास्टर होतं. दर पाच धडधाकट सैनिकांमागे एक लंगडा, ही सातव्या चंद्राची भरतीची पद्धत असावी, असं प्रेक्षकांनी समजून घेतलं. सिंहासन दाताच्या दवाखान्यातून उचलून आणलेली खुर्ची होती, तिला सोनेरी कागद गुंडाळला होता.

या सगळ्या पसाऱ्यात खरीखुरी वस्तू एकच होती. सम्राटाचा झगा. तो मास्तरांनी शिवला होता.

बंद पडलेल्या एका नाट्यगृहाचा किरमिजी मखमली पडदा त्यासाठी आणला होता. मास्तर तेव्हा चौतिशीच्या, हात सफाईचा, डोळा तेज. दारावर नवी पाटी लागली होती : ‘नाटक-सिनेमाचे कपडे शिवून मिळतील.’ अकरा मीटर मखमल त्यांनी चार दिवसांत अशी शिवली की झगा दांडीवर टांगला तरी आत कुणीतरी उभं आहे असं वाटावं.

मास्तरांची एक पद्धत होती, ज्या बाईंकडे त्या शिकल्या त्यांनी घालून दिलेली. डावी बाही सगळ्यांत शेवटी. ती आधी पांढऱ्या दोऱ्यानं, लांब लांब कच्च्या टाक्यांनी लावायची. मग कपडा घालणाऱ्यानं समोर उभं राहून डावा हात वर करून दाखवायचा. कापड काखेत कुठे ओढत नाही ना, हे बघायचं आणि मगच मशीन मारायचं. आता सम्राटाचं काम करणारा गृहस्थ होता पोस्टातला, पार्सलच्या खिडकीवरचा. ट्रायलला आला तेव्हा एका जड पार्सलानं त्याचा नेमका डावा खांदा धरला होता. हात वर जाईना. “दोन दिवसांत खांदा मोकळा होईल, मग येतो,” म्हणाला. मास्तरांनी झग्याला चिठ्ठी टाचून ठेवली : ‘डावी बाही कच्ची आहे. हात वर करू नये.’

दुसऱ्या दिवशी मास्तर बटणं आणायला गेल्या असताना केंद्राची गाडी आली. यजमानांनी झगा काढून दिला आणि देताना चिठ्ठी काढून टाकली. “सम्राटाच्या झग्याला चिठ्ठी बरी दिसत नाही,” असं त्यांनी नंतर कारण सांगितलं. त्या दिवसापासून यजमानांना पुढच्या खोलीत यायला मनाई झाली. पुढची बावीस वर्षं ते मागच्या दारानं ये-जा करत होते. नणंदबाईंनी एक्स्चेंजमधून केंद्राला सात वेळा लाइन जोडून दिली. सातव्या वेळी कळलं, सगळे खाणीवर गेलेत आणि खाणीत फोन नाही.

चित्रपट दाखवला त्या संध्याकाळी मास्तरांकडे अख्खी गल्ली जमली होती. बोलावणी आधीच गेली होती, आणि ती परत घ्यायची कशी हे मास्तरांना सुचलं नव्हतं. बाही टिकली असेल, अशी थोडी आशाही होती. एक तास दहा मिनिटं ती खरोखरच टिकली. मग सम्राट शाप द्यायला उठला. साठ जणांचे सहा सैनिक स्तब्ध झाले. सम्राटानं डावा हात वर केला, आणि बाही निघाली. एकेक टाका सोडत, सावकाश, काहीही घाई नसल्यासारखी ती खांद्यावरून उतरली आणि जमिनीवर पडली. आत पोस्टातल्या माणसाचा बारीक दंड होता आणि दंडावर मलमाची पट्टी.

गल्ली खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसली. मास्तर उठल्या, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, “लाइट गेली.” डोक्यावर दिवा जळत होता, पंखा फिरत होता. पण मास्तरांच्या आवाजात असं काहीतरी होतं की लाइट गेली आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोघंतिघं तर भिंती चाचपडत बाहेर पडले.

पाटी दुसऱ्या दिवशी उतरली. हसणं मास्तरांनी पचवलंही असतं. गल्ली काय, कशालाही हसते. पण तो पोस्टातला माणूस पुन्हा कधी पडद्यावर दिसला नाही. कितीतरी वर्षं मास्तर प्रत्येक मालिकेत त्याला शोधत होत्या. हवालदार, वेटर, गर्दीत छत्री घेऊन जाणारा कुणी. कुठेच नाही. पोस्टात जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचं मात्र त्यांना धैर्य झालं नाही. एका माणसाला एवढी मोठी संधी मिळाली होती आणि आपल्या पांढऱ्या दोऱ्यानं ती घालवली, हे मास्तरांच्या मनात पक्कं शिवलं गेलं. त्याची एकदा माफी मागायची आणि ती बाही आपल्या हातानं पक्की करून द्यायची, एवढीच इच्छा उरली होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पण नणंदबाईंपासून लपलेलं त्या घरात काय होतं?

अशातच एका सकाळी फोन वाजला.

“वहिनी, तुझ्यासाठी आहे. दाताचे डॉक्टर बोलतायत.”

“माझे दात जागेवर आहेत म्हणावं,” मास्तर टाचण्यांमधूनच पुटपुटल्या.

“दातांचं नाही. बाहीचं आहे.”

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. घरात हा प्रकार क्वचितच होत असे.

फोनवरचे डॉक्टर पंचेचाळिशीचे, आवाजावरून आनंदी. ‘सातव्या चंद्राचा सम्राट’वर प्रेम करणाऱ्या मंडळींचा ते अध्यक्ष होते. मंडळी दरवर्षी एकदा जमत आणि चित्रपट एकत्र बघत. यंदा विसावं वर्ष होतं, तीनशे माणसं यायची होती.

“जमून काय करता?” मास्तरांनी विचारलं.

“सिनेमा बघतो.”

“तोच?”

“मी एकशे बारा वेळा पाहिलाय, मास्तर.”

“मग कुणा डॉक्टरला दाखवलं नाही का?”

डॉक्टर मनापासून हसले. “लहानपणी मी ते सिंहासन पाहिलं आणि आईला म्हणालो, मला मोठेपणी त्या खुर्चीशेजारी उभं राहायचंय. खुर्ची कसली होती ते मोठेपणी कळलं. तोवर दाताच्या कॉलेजात नाव घातलं होतं. पण पस्तावलो नाही, बरं का.” मग ते जरा गंभीर झाले. केंद्राचं जुनं गोदाम रिकामं होताना त्यांना झगा मिळाला होता. तो शिवणाऱ्या बाई कुठे असतील, हे ते तीन वर्षं शोधत होते. त्यांना बोलवायचं होतं, सत्कार करायचा होता.

“बाही लावलेली आहे का त्याला?” मास्तरांनी मधेच विचारलं.

“नाही, नाही. सुटीच आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. सम्राटही येणार आहेत यंदा, पहिल्यांदाच.”

मास्तरांनी काढलेल्या टाचण्या फोनशेजारी एका रांगेत मांडल्या. मग म्हणाल्या, “मी येते.”

डॉक्टरांना वाटलं, बाई सत्काराला येतायत. मास्तरांनी पिशवीत किरमिजी पक्का दोरा, तीन सुया, टाचण्या, कात्री आणि अंगुस्तान घातलं. टेप गळ्यात होतीच.

बसमध्ये नणंदबाईंनी खिडकी मिळवली आणि लगेच विषय काढला. “वहिनी, तू तेव्हा टीव्ही बंद केलास. मी एक्स्चेंजमध्ये शेवटपर्यंत बघितला. बाही पडल्यावर पुढे काय होतं ते तरी ऐक.”

“वन्सं, बाहेर बघा.”

“बघितलं. शेत आहे. सांगू?”

“अजून बघा.”

“अजून शेत आहे. पुढचं सगळं मिळून अकरा मिनिटांचं तर आहे. इतकं कसलं वैर ते?”

मास्तरांनी पिशवीतून एक टाचणी काढून ओठांत धरली. नणंदबाई समजल्या आणि शेताकडे बघत राहिल्या.

सभागृहाच्या दारात मास्तरांचे पाय अडखळले. समोर शे-दीडशे सम्राट उभे होते. कुणाच्या अंगावर पडद्याचा झगा, कुणाच्या अंगावर चादरीचा, एकाच्या अंगावर तर आंघोळीचा टॉवेल. पाचांमागे एकाच्या पायाला प्लास्टर. एक नवराबायको अंड्यांचे ट्रे बांधून आले होते आणि त्यांना खाली बसता येत नव्हतं. बऱ्याच जणांच्या छातीवर बिल्ल्यासारखा एक मोजा टाचलेला होता. सोनेरी कागदाचा मुकुट घातलेले डॉक्टर पुढे आले, आणि “या मास्तर” असं त्यांनी म्हणताच सगळा घोळका मास्तरांकडे वळला. मग सगळ्यांनी डावा हात जपून, कोपरापुरताच वर केला. मास्तरांना वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण एकाच्याही चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

क्रेन चालवणारी एक उंच बाई जवळ आली. आधी तिनं डावा हात सावकाश खाली घेतला. “माझे वडील,” ती म्हणाली, “शेवटच्या महिन्यात कुणाला ओळखत नव्हते. मलाही नाही. पण हा सिनेमा लावला आणि बाही पडली की माझ्याकडे बघून म्हणायचे, पडली बघ. रोज म्हणायचे. तेवढंच बोलणं व्हायचं आमचं. ते तुमच्यामुळे झालं. म्हणून सांगायला आले.”

मास्तरांनी तिच्या दंडावर हात ठेवला. त्यांची नजर सवयीनं तिच्या खांद्यावर गेली, आणि तिथेच खिळली.

“ही बाही कशानं लावलीय?”

“स्टेपलरनं.”

“कशानं?”

तेव्हा उलगडा झाला. या मंडळींची एक रीत होती. प्रत्येकानं डावी बाही कच्ची लावून यायचं, आणि पडद्यावर सम्राटाची बाही पडली की आपापला हात वर करून आपलीही पाडायची. रीत चांगली होती, शिलाई भयंकर होती. कुणी स्टेपल मारलेले, कुणी डिंक लावलेला. एकानं सरळ मशीन मारून घेतलं होतं. ती बाही झग्याआधी जमिनीवर पडणं शक्य नव्हतं. एकाची बसमध्येच पडली होती, ती तो खिशात घेऊन हिंडत होता.

“वीस वर्षं असंच चाललंय?” मास्तरांनी विचारलं.

“निम्म्यांच्या पडतच नाहीत,” डॉक्टर खजील होऊन म्हणाले. “मग आम्ही एकमेकांच्या ओढतो.”

काचेची पेटी व्यासपीठाशेजारच्या खोलीत होती. आत झगा होता, चौतीस वर्षांनी जरा विटलेला, आणि खाली ती बाही. पांढऱ्या दोऱ्याची दोन टोकं अजून तिला लोंबत होती. मास्तरांनी पिशवी टेबलावर ठेवून अंगुस्तान बोटात घातलं.

“पेटी उघडा, डॉक्टर. बाही पक्की करून देते. त्यासाठीच आलेय मी.”

डॉक्टरांचा चेहरा, भुलीचं इंजेक्शन त्यांनाच दिल्यासारखा झाला. “मास्तर, तीनशे लोक या सुटलेल्या बाहीवर जीव टाकतात हो.”

“आणि मी चौतीस वर्षं तिच्या पायी मान खाली घातलीय. अर्धा दात भरून तुम्ही पेशंटला घरी पाठवता का?”

डॉक्टरांनी पेटीची किल्ली खिशात आणखी खोल सरकवली. नणंदबाईंकडे उत्तर होतं, पण त्यांना विचारलं कुणीच नाही. शेवटी असं ठरलं, की झगा ज्याच्या अंगावर होता त्याला विचारायचं. सम्राट पक्की म्हणाले तर पक्की. पण सम्राटांची गाडी वाटेत खोळंबली होती. ते सिनेमा सुरू झाल्यावर पोचणार होते.

सुरू व्हायला साडेतीन तास होते. मास्तर पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसल्या. तेवढ्यात समोरून तो स्टेपलरचा खांदा गेला.

“इकडे ये,” मास्तर म्हणाल्या. “उभी राहा नीट. वन्सं, पांढरा दोरा बघा कुणाकडे आहे.”

पांढरा दोरा कुणाकडेच नव्हता. डॉक्टरांनी खिशातून दात साफ करायच्या दोऱ्याच्या चार डब्या काढल्या. मास्तरांनी एक हातभर दोरा ओढला, चिमटीत धरून पाहिला. “मेण लावलेलंच आहे की. चालेल.”

मग रांग लागली. मास्तरांनी आयुष्यभर टिकेल ते शिवलं होतं. आता काम उलटं होतं. बाही एक तास दहा मिनिटं टिकली पाहिजे आणि हात वर करताच सुटली पाहिजे. पहिल्या तीन बाह्या फसल्या. चौथीला त्यांना माप सापडलं : सात टाके, वरचे दोन जवळ, खालचे लांब, आणि शेवटी गाठ मारायची नाही. नणंदबाई रांगेला शिस्त लावत होत्या. “हालू नका, लाइनवर राहा,” असं त्या इतक्या सराईतपणे म्हणत होत्या की एकदोघांनी ‘हॅलो’ म्हणून टाकलं. प्रत्येक जण बाही लावून घेताना काहीतरी सांगत होता. कुणी आजारपणात पाहिलेला, कुणी परीक्षेत नापास झाल्यावर, कुणी ज्याच्याशी भांडण होतं त्या भावाबरोबर. मास्तर मान खाली घालून टाके घालत होत्या आणि ऐकत होत्या. ज्या हसण्यासाठी त्यांनी टीव्ही बंद केला होता, ते हसणं इतक्या घरांत औषधासारखं पुरवून पुरवून वापरलं गेलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकशे नव्वद बाह्या झाल्यावर दिवे मंद झाले. उरलेल्यांनी एकमेकांच्या ओढायच्या असं ठरलं.

मास्तर पहिल्या रांगेत बसल्या. सिनेमा त्यांना वाटला होता त्याहून वाईट होता. अंड्यांचे ट्रे दिसले तशा टाळ्या पडल्या. मोजा बाहेर आला तेव्हा तीनशे माणसं उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी मोज्याला सलाम ठोकला. मास्तरांनी हसू दाबलं. प्लास्टरवाला सैनिक पाचव्यांदा धापा टाकत गेला, तेव्हा ते दबलं नाही. नणंदबाईंनी भावजयीकडे पाहिलं आणि काहीही बोलल्या नाहीत, हा त्यांचा दुसरा त्याग.

मग सम्राट शाप द्यायला उठला. मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाही पडली. त्याच क्षणी सभागृहात हात वर झाले आणि शेकडो बाह्या एकदम खाली आल्या, मखमल, चादरी, टॉवेल, सगळ्या मिळून एकच मऊ आवाज करत. कुणी हसलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते. मास्तरांनीही पाहिलं, चौतीस वर्षांनी, पुढचं.

सम्राट पडलेल्या बाहीकडे बघतो. बराच वेळ बघतो. मग वाकून ती उचलतो. धूळ झटकतो. तिची नीट घडी घालतो, एक, दोन, चार, आणि घडी उजव्या हातावर ठेवतो. समोरच्या सैन्याकडे बघतो. शाप देत नाही. अगदी हळू म्हणतो, “जा. घरी जा सगळे.” आणि सगळे जातात. अंतराळयानं निघू लागतात, लढाई होतच नाही. प्लास्टरवाल्याला दोघं आधार देऊन यानात चढवतात, आणि खाणीत एकटा सम्राट राहतो, एका बाहीचा.

शेवटी अक्षरं वर सरकू लागली. ‘वेशभूषा’ या शब्दापुढे मास्तरांचं नाव आलं आणि अख्ख्या सभागृहानं ते मोठ्यानं वाचलं. आपलं नाव तिथे आहे हेच मास्तरांना माहीत नव्हतं.

सम्राट शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. पंचाहत्तरीचे, काठी टेकत ते शेजारच्या खोलीत आले. डॉक्टर पेटीशी उभे होते, किल्ली मुठीत घट्ट धरून. नणंदबाई दाराशी.

“ओळखलंत?” मास्तरांनी विचारलं.

“टेप तशीच आहे,” सम्राट म्हणाले.

मास्तर उभ्याच राहिल्या. “माझ्या हातून तुमचं वाटोळं झालं. बाही कच्ची गेली. तुम्हाला पुढे काम मिळालं नाही. मी प्रत्येक मालिकेत शोधलं तुम्हाला. माफी मागायची राहिली होती, ती मागते. आणि बाही पक्की करून देते, तुम्ही म्हणत असाल तर.”

सम्राट खुर्चीत बसले. डॉक्टरांकडे पाहून म्हणाले, “डॉक्टर, मला पाणी मिळेल का? जरा लांबून आणा.” डॉक्टर नाइलाजानं गेले. मग सम्राट पुढे झुकले.

“चार पानांचा शाप होता हो तो. मला पाठांतर नाही. पार्सलांवरचे पत्ते तेवढे पाठ व्हायचे. हात वर केला आणि डोकं कोरं. एक अक्षर आठवेना. कॅमेरा चालू, रीळ संपत आलेलं, आणि दिग्दर्शक दात खातोय. तेवढ्यात तुमची बाही पडली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सुटलो. ती उचलली, झटकली, घडी घातली, जितका वेळ काढता येईल तितका काढला. तरी आठवेना. मग तोंडाला आलं ते बोललो. पोस्टात सहा वाजता रोज म्हणायचो ते.”

“घरी जा सगळे?”

“घरी जा सगळे.”

दाराशी नणंदबाईंनी तोंडावर पदर धरला. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं, म्हणजे हे बाहेर जाता कामा नये.

“काम मिळालं नाही ते बरोबरच होतं,” सम्राट म्हणाले. “मी चांगला नट नव्हतोच. पण पुढची अठरा वर्षं माझ्या खिडकीशी पार्सल द्यायला आलेला माणूस आधी डावा हात वर करायचा आणि मग पत्ता सांगायचा. रिटायर झालो त्या दिवशी अख्ख्या रांगेनं केला. असं पोस्टात कुणाला मिळतं? तुमचं घर माहीत होतं मला, यायला हवं होतं. पण ओळ विसरलो होतो हे कबूल करायची लाज वाटली. तुम्ही माफी मागताय आणि इतकी वर्षं माझ्याकडून आभार मानायचे राहून गेलेत.”

मास्तर खाली बसल्या. हात सवयीनं ओठांकडे गेला, पण तिथे टाचणी नव्हती. त्यांनी पदरानं डोळे टिपले, नाक पुसलं, चष्मा नीट केला.

डॉक्टर पाणी घेऊन आले आणि दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघू लागले.

“बरं, आता सांगा,” मास्तर म्हणाल्या. “पक्की की कच्ची?”

“कच्ची,” सम्राट म्हणाले. “बाहेर मंडळी थांबलीत. मला एकदा त्यांच्यासमोर पाडायचीय.”

डॉक्टरांनी पेटी इतक्या लगबगीनं उघडली की मुकुट खाली पडला. मास्तरांनी किरमिजी दोरा पिशवीत परत टाकला. डॉक्टरांच्या डबीतला पांढरा ओढून घेतला, सुईत ओवला. झगा मांडीवर घेऊन त्यांनी सात टाके घातले, वरचे दोन जवळ, खालचे लांब. सातव्या टाक्यानंतर हात सवयीनं गाठ मारायला वळला. मास्तरांनी तो आवरला, दोरा कापला आणि झगा सम्राटांच्या अंगावर चढवला.

“बेतानं हलवा हात,” त्या म्हणाल्या. “दारापर्यंत टिकली पाहिजे.”

“टिकेल की,” सम्राट म्हणाले, आणि मास्तरांचा हात धरून बाहेर निघाले.